आबांचा रकाना

लीलाबाईंच्या घरात रेडिओची कधी गरज पडली नाही. त्याच दिवसभर चालू असायच्या. म्हशीशी बोलायच्या, चुलीशी बोलायच्या, वाट चुकून वस्तीवर आलेल्या माणसाला चहा पाजून त्याच्या तीन पिढ्यांची चौकशी करायच्या. कडेगावपासून चार किलोमीटरवर, उसाच्या मधोमध, चार घरांची वस्ती. तिथं बोलायला माणसं थोडी. लीलाबाईंना ती कधी कमी पडली नाहीत.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांचं बोलणं आटायला लागलं. आधी माणसांची नावं गेली, मग भांड्यांची. एका सकाळी त्या घागर घेऊन आडावर पाण्याला निघाल्या. आड बुजवून तीस वर्षं झाली होती. मुलानं, जयराजनं, त्यांना बांधावरून हाताला धरून परत आणलं. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि डिमेन्शिया असं नाव सांगितलं. घरात ते नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. सगळे ‘इसरायचं दुखणं’ म्हणू लागले.

धसका घेतला तो नातीनं. शिवांजली चोवीस वर्षांची. शिरवळला एका कारखान्यात कामाला. तिला बोलायला आज्जीनं शिकवलं होतं. आई-वडील शेतात असायचे, पोरगी आज्जीच्या कडेवर. पहिला शब्द, पहिली शिवी, पहिलं गाऱ्हाणं, सगळं तिथलं. ती आज्जी आता तिच्याकडं बघून नुसती हसायची, लग्नात भेटलेल्या लांबच्या पोरीकडं बघून हसावं तशी. शिवांजलीला ते सोसेना.

सांगलीच्या दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी टॅबवरचं एक साधन दाखवलं. त्यात घरचे फोटो घालायचे. ओळखीचे आवाज भरायचे. फोटोवर बोट ठेवलं की आवाज येतो. मग त्यावरून दोघांनी गप्पा मारायच्या.

“आणि एक लक्षात ठेव,” बाई म्हणाल्या. “ही परीक्षा नाही. हे कोण, ते काय, असं विचारत सुटू नकोस. ‘ही आपली म्हैस, किती दूध द्यायची’ असं तू बोल. त्यांना सुचेल ते त्या बोलतील. चुकलं तरी चालेल.”

शिवांजलीनं मान हलवली. टॅब घेतला. घरी आली.

शिरवळला तिचं काम तपासणीचं. रबराची गोल सीलं पट्ट्यावरून यायची. तिच्या हातात गेज. सील गेजमध्ये बसलं तर हिरव्या ट्रेमध्ये, नाही बसलं तर लाल. थांबून विचार करणाऱ्याची लाईन तुंबते. दोन वर्षांत तिच्या हातून वाईट माल पुढं गेला नव्हता. त्याचं प्रशस्तिपत्र घरात टीव्हीच्या वर लावलेलं होतं. बाईंचं बोलणं तिनं ऐकलं, पण हाताला सवय गेजची होती.

दर शनिवारी ती पाळी संपवून निघायची. कराडला गाडी बदलायची. कडेगावच्या स्टँडवर पप्पा मोटरसायकल घेऊन उभे असायचे. रविवार आज्जीचा. तिनं टॅबमध्ये एकतीस फोटो घातले. म्हशीचं हंबरणं भरलं, देवळातली घंटा भरली, कडेगावच्या पिठाच्या गिरणीचा आवाजही भरला.

पहिल्या रविवारी गिरणीचा आवाज लागला, फक फक फक. लीलाबाई ताठ बसल्या.

“जाड काढतोय मेला.”

“कोण गं आज्जी?”

“गिरणवाला. सांगाय गेलं तर म्हणतोय, म्हातारे, तुजं दात गेलं त्याला मी काय करू.”

कोपऱ्यातून मोठ्यानं हसू आलं. नाथाजी, लीलाबाईंचे नवरे. वय अठ्ठ्याहत्तर. बावीस वर्षं पलटणीत काढून हवालदार म्हणून घरी आले होते. पाठ अजून सरळ. शिवांजली त्यांना आबा म्हणायची.

“खरंच म्हणला हुता त्यो,” आबा म्हणाले. “हिनं मग पीठ त्याच्याच डोक्यावर वतलं. पांढरा झाला गडी. मला गावभर लोकं इचारत हुती, हवालदार, घरात कुणाचा हुकूम चालतो?”

लीलाबाई गालात हसल्या. आबांकडं बघितलं नाही, पण हसल्या त्यांच्याच बाजूला. त्या दिवशी त्या दहा मिनिटं बोलल्या. राजेश्वरी, शिवांजलीची आई, पोळपाटावरची भाकरी तशीच ठेवून दारात येऊन उभी राहिली होती.

मजा आली होती. पण पुढच्या रविवारी आबा सारखे मध्ये बोलायला लागले. शिवांजलीनं फोटो दाखवायचा अवकाश, आबा उत्तर देऊन मोकळे.

“आबा, तुमी सांगू नका हो. तिला सांगू दे.”

“बरं. न्हाई सांगत.” आणि दोन मिनिटांनी, “आगं, ही ती न्हवं का, आपली तांबडी गाय…”

“आबा!”

आबा उठून बाहेर गेले. शिवांजलीला बरं वाटलं. आता खरं काय ते कळणार होतं.

टॅबमध्ये गुण द्यायची सोय नव्हती. तिनं स्वतःच तक्ता केला. एकेका फोटोला एकेक रकाना. ओळखलं तर हिरवा, अडखळलं तर पिवळा, नाही तर लाल. आठवडाभर राजेश्वरीनं शिवांजली सांगेल तसं भरून फोनवर पाठवायचं. रविवारी शिवांजली नवा तक्ता काढून फ्रीजवर चिकटवायची. म्हैस हिरवी. गिरणवाला हिरवा. जयराज हिरवा. नथीच्या फोटोला लीलाबाई ‘नाकातली’ म्हणाल्या. तिथं शिवांजलीनं पिवळा भरला. वस्तू कळते, शब्द सापडत नाही, असा शेराही लिहिला.

तिसऱ्या रविवारी आबांचा फोटो आला. पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. आबा उसाला पाणी द्यायला गेले होते. पप्पा बाजाराला, मम्मी गोठ्यात. घरात दोघीच. शिवांजलीनं नेहमीसारखा फोन डब्याला टेकवून चित्रण लावलं.

“आज्जी, हे कोण?”

लीलाबाईंनी फोटोकडं बघितलं. पदर कपाळावर ओढला. तोंड भिंतीकडं केलं.

“आज्जी, इकडं बघ. कोण हायत हे?”

उजवा हात कमरेशी गेला. चाचपून रिकामा वर आला. पुन्हा गेला.

“नाव सांग की. घरातलंच माणूस हाय.”

“जा तिकडं,” लीलाबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पदर, भिंत, कमरेशी हात, जा तिकडं. शिवांजलीनं लिहिलं: ओळख नाही. चुळबुळ. तोंड फिरवते. चिडते. रकाना लाल केला. एखाद्या फोटोनं माणसाला त्रास होत असेल तर तो लपवायची सोय टॅबमध्ये होती. तिनं आबांचा फोटो लपवला. चित्रण तिनं कुणाला दाखवलं नाही. आबांना वाईट वाटेल म्हणून.

पण फ्रीज सगळ्यांचाच होता. आबा फ्रीजपुढं उभे राहिले. पाठीमागं हात बांधून, नोटीस वाचावी तसा सगळा तक्ता त्यांनी वाचला.

“म्हशीला हिरवं?”

“व्हय, आबा.”

“गिरणवाल्यालाबी हिरवं? त्यो तर मेला की चार वर्सामागं.”

“आबा, तसं नसतं…”

“मेलेला हिरवा आन् मी लाल.”

ते हसले. तिलाही हसू आलं.

समजावताना शिवांजलीची भाषा शिरवळची व्हायची. ती म्हणाली, “आबा, यात तुमचा काही दोष नाही. ओळख पटत नाही तेव्हा अशा माणसांना परकं माणूस घरात शिरल्यासारखं वाटतं. भीती वाटते. मी वाचलंय. काही दिवस तुम्ही तिच्या समोर येऊ नका.”

“किती दिवस?”

“रकान्याचा रंग बदलेपर्यंत. बघू.”

आबांनी मान डोलावली. “बराबर हाय. बावीस वर्सं पलटणीत. वर्साला दोन म्हयनं घरी. त्यातला अर्धा येळ भावकीत. वळखावं तरी कितीदा?”

तिनं आज्जीला प्रश्न कसा विचारला होता ते त्यांनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. तेवढं एक वाक्य दोघांपैकी कुणी बोललं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

दसऱ्याच्या आधी आबांनी अंथरूण आणि लोखंडी ट्रंक मोटरखोलीत नेली. विहिरीकडची दहा बाय आठची खोली, पत्र्याची. घरापासून पाच मिनिटं. जेवणाचा डबा जायचा. आबांना घरात काही लागलं तर ते गोठ्यामागून यायचे, म्हणजे ओट्यावर बसलेल्या लीलाबाईंना दिसायला नको. हुकूम म्हणजे हुकूम. तो नातीचा असला तरी.

जयराज एकदा म्हणाला, “शिवे, लय कडक करतीस गं. थंडीचं म्हातारं माणूस…”

“मग पप्पा, तुमी सांगा काय करायचं ते.”

दवाखान्यात तीच गेली होती, टॅब तीच चालवत होती. घरात शिकलेलं तेवढंच माणूस. जयराज मोटरखोलीत एक जाडं घोंगडं ठेवून आला.

दिवाळीच्या सुमारास राजेश्वरीचा फोनवर निरोप आला. आवाजातला. पाठीमागं भांडी वाजत होती. “शिवे, आत्ती रोज दिवेलागणीला दारात जाऊन हुब्या ऱ्हात्यात. ‘ती आली का गं’ म्हणून इचारत्यात. मी म्हणलं, कोण? तर गप. त्यांच्या सासऱ्यांची, थोरल्या मामंजींची आठवण काढत असतील. त्यास्नी जाऊन तीस वर्सं झाली. काय सांगू?”

वस्तीच्या बोलीत ‘ती आली’ म्हणजे ‘ते आले’, मानाच्या माणसाबद्दल. शिवांजली जेवणाच्या सुटीत होती. तिनं लगेच उत्तर दिलं. “काही सांगू नको. कोण ते तिच्याकडूनच काढून घे. नाव सांगितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. आपण भरवत गेलो की मेंदू आळशी होतो.”

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं होतं. पण ती ते अशा खात्रीनं बोलली की राजेश्वरीनं ऐकलं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला लीलाबाई विचारायच्या, “ती आली का?” आणि सून म्हणायची, “कोण ते नाव सांगा आत्ती, मग सांगते.” लीलाबाई थोडा वेळ उभ्या राहायच्या. हात कमरेशी जायचा. मग आत येऊन भिंतीला टेकून बसायच्या.

पौषात त्यांनी विचारणं सोडलं. शिवांजलीनं लिहिलं: संध्याकाळची बेचैनी कमी. त्या ओळीला तिनं हिरवा रंग दिला.

बाकीचे रकाने मात्र हिरव्याचे पिवळे होत चालले होते. गिरणीच्या आवाजाला लीलाबाई आता नुसत्या मान हलवायच्या.

संक्रांतीला शिवांजलीनं रजा टाकली. दुपारी तिळगूळ घेऊन सुलाबाई आली. काठी टेकत, दम खात. पलीकडच्या घरातली. लीलाबाई आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन वस्तीवर आलेल्या. तोंडात दात तीन, पण तोंड कमी झालेलं नव्हतं. दसऱ्याच्या आधीपासून मुलीकडं वाळव्याला होती, कालच परतली होती.

“काय गं शिवे,” बसता बसताच ती म्हणाली, “आजा मळ्यात का ऱ्हातोय? ह्या वयात भांडान काढलं काय दोघांनी? का म्हाताऱ्यानं दुसरी केली?”

“न्हाई ओ सुलाआज्जी. आज्जी आबांना वळखत न्हाई आता.”

“वळखत न्हाई? लीला? आपल्या नवऱ्याला?”

“खरंच. थांबा, दाखवते.”

शिवांजलीनं फोन काढला. साडेतीन महिन्यांत ते चित्रण तिनं पहिल्यांदा कुणाला दाखवलं. सुलाबाईनं फोन हात लांब करून धरला, डोळे बारीक केले. आज्जी, हे कोण? पदर. भिंत. कमरेशी हात. जा तिकडं.

सुलाबाई हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली.

“आगं, लाजली की ती!”

“काय?”

“लाजली. पदर बघ की. गाल बघ, हसतीया भिंतीकडं तोंड करून. आन् येडे, तू नाव इचारतीस तिला? नवऱ्याचं? तोंडानं?” तिनं स्वयंपाकघराकडं वळून हाक मारली, “राजे, आगं तू तरी घेतीस व्हय गं तुज्या मालकाचं नाव?”

राजेश्वरी बाहेर आली. हाताला पीठ. तिनं वाकून ते चित्रण बघितलं. एकदा बघितलं, पुन्हा लाव म्हणाली.

“मी तवा घरात असते तर…” ती म्हणाली आणि थांबली. पोरीकडं बघायचं तिनं टाळलं.

“नथीला नथ म्हणत न्हाई कवा ती,” सुलाबाई सांगत होती. “नाकातली म्हणती. नवऱ्याच्या नावासारखं वाजतंय म्हणून. लग्नात उखाण्यात घेतलं असंल एकदा, तेबी भित भित.”

शिवांजलीला आपलाच आवाज बारीक ऐकू आला. “मग ती कमरेला काय शोधत हुती?”

“चंची कुठाय तिची?”

“काढून ठिवली,” राजेश्वरी म्हणाली. “डाक्टरांनी तंबाखू बंद केली न्हवं का. सारखा हात जायचा म्हणून कपाटात टाकली.”

“मग त्यात कागद हुता की, बाई.”

आणि सुलाबाईनं सांगितलं. लग्नानंतर नाथाजी पलटणीत गेले ते सात महिने आले नाहीत. पहिलं पत्र आलं. सासऱ्यानं वाचून दाखवलं, आणि लीलानं ते मागून घेतलं. वाचता येत नव्हतं. पण पाठवणाऱ्याचं नाव कुठं लिहिलंय ते सुलाबाईकडून बोटानं दाखवून घेतलं होतं. सुलाबाई चौथी शिकलेली. तेव्हापासून कागद चंचीत, चंची कमरेला. रेशनकार्डाला नवऱ्याचं नाव विचारलं, कागद पुढं. मतदानाला कागद पुढं. जयराजच्या वेळी कराडच्या दवाखान्यात कळा येत असताना नर्स ओरडली, नवऱ्याचं नाव काय? हिनं कागद दिला. नर्स म्हणाली, बाई, तोंडानं सांग की, तोंड कशाला दिलंय? ही म्हणाली, खायला.

“एवढ्या कळांत!” सुलाबाई म्हणाली. “म्हणती, खायला!”

राजेश्वरीनं कपाटातून चंची आणली. काळी पडलेली, कडक झालेली. सुपारीची पूड, चुन्याची डबी. सगळ्यांत आतल्या कप्प्यात दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळलेलं आंतर्देशीय पत्र. घड्यांवर फाटलेलं. मागच्या बाजूला शाई पुसट, पण नाव वाचता येत होतं. त्या नावावरचा कागद बोटांनी घासून गुळगुळीत झाला होता.

शिवांजलीनं पत्र हातात घेतलं नाही. तिला दिवाळीतला निरोप आठवला. नाव सांगितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. आज्जी रोज संध्याकाळी नवऱ्याबद्दल विचारत होती. रोज संध्याकाळी घरानं तिच्याकडं नाव मागितलं. आयुष्यभर तोंडातून न काढलेलं. ज्यावर ते लिहिलं होतं तो कागद घरानंच काढून घेतला होता. मग तिनं विचारणं सोडलं, आणि नातीनं हिरवा रंग दिला.

फ्रीजवर तक्ता होता. खाली तिचीच सही होती. कारखान्यात करायची तशी, तारीख घालून.

ती उठली आणि बांधावरून पळत मोटरखोलीकडं गेली.

आबा बाहेर उन्हात बसून पान्हे पुसत होते. तिनं सांगितलं. सरळ सांगता येईना. अर्धं सांगून झालं तेव्हा आबांनी हात वर केला.

“थांब. तू तिला माजं नाव इचारलंस?”

“व्हय.”

“तिला? माजं?”

आबा हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “आरं देवा. पन्नास वर्सात मला हाक मारायची तर भांडं आपटती ती. आन् तू नाव इचारतीस!” मग हसू थांबलं. “कवा इचारलंस हे?”

“दसऱ्याच्या आधी.”

आबांनी हातातला पान्हा खाली ठेवला. विहिरीकडं बघितलं. ते रागावले असते तर तिला उभं राहायला जागा मिळाली असती. ते म्हणाले, “मीच इचाराय पायजे हुतं. हुकूम मिळाला की मला इचारायची सवय न्हाई.”

त्यांनी बादलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं. ट्रंकेतून धुतलेला सदरा काढला. छोट्या आरशात बघून दाढी केली, हनुवटीला कापलं. पांढरी टोपी घातली. पलटणीतून रजेवर येताना कडेगावच्या स्टँडवर उतरून ते नळावर तोंड धुवायचे, भांग पाडायचे आणि मग वस्तीची वाट धरायचे, हे ते वाटेत सांगत होते. या वेळी ते गोठ्यामागून गेले नाहीत. समोरून गेले.

लीलाबाई ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या. राजेश्वरी आणि सुलाबाई दारात. आबा समोर जाऊन उभे राहिले.

लीलाबाईंनी वर बघितलं. पदर सारखा केला. पण तोंड फिरवलं नाही. लाजल्या नाहीत. सरळ, स्वच्छ बघितलं, वाट चुकून आलेल्या माणसाकडं बघायच्या तसं.

“बसा पावणं,” त्या म्हणाल्या. “कुणीकडनं आला?”

सुलाबाईनं तोंडाला पदर लावला.

आबा ओट्याच्या कडेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“लांबनं,” ते म्हणाले.

“पाणी दे गं पावण्यास्नी. चा टाक.” मग थोड्या वेळानं, “मालक न्हाईती घरात. मिलिट्रीत हायती.”

“व्हय काय?”

“रजंवर येणार हायती. मी रोज बघत हुते. आली न्हाईती.”

“येतील,” आबा म्हणाले.

शिवांजली आत गेली. टॅब काढला. फेट्यातला फोटो लपवलेलाच राहू दिला. आबांच्या ट्रंकेतल्या पाकिटातून पूर्वी कधीतरी टॅबवर उतरवून घेतलेला त्यांचा दुसरा फोटो शोधला: तेविसाव्या वर्षीचा, वर्दीतला, मिशा नुकत्या राखलेल्या. तो उघडून टॅब दोघांच्या मध्ये ठेवला. काही विचारलं नाही. चंची आज्जीच्या मांडीवर ठेवली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

लीलाबाईंनी फोटो बघितला. पदर कपाळावर आला. तोंड भिंतीकडं गेलं, आणि या वेळी भिंतीशी शिवांजली उभी होती, म्हणून तिला ते समोरून दिसलं. आज्जी हसत होती. चित्रणात नुसता गाल आला होता.

उजवा हात कमरेशी गेला. मग मांडीवरची चंची सापडली. बोटांनी आतला कप्पा उघडला, पिशवीचा तुकडा सोडवला. पत्र उलटं केलं. बोट बरोबर नावावर ठेवून ते पाहुण्यापुढं धरलं.

“हीच ती. हितं लिवलंय बगा. तुमास्नी वाचता येतंय न्हवं?”

“येतंय.”

“मग वाचा की. मोठ्यानं वाचा.”

आबांनी स्वतःचं नाव वाचलं. नंबर, हुद्दा, पत्ता, सगळं वाचलं. लीलाबाईंनी पदर तोंडावर धरला होता. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “पुन्यांदा वाचा.” त्यांनी पुन्हा वाचलं.

मग त्या बोलायला लागल्या. किती तरी दिवसांनी. सासऱ्यानं पत्र वाचताना गाळलेल्या ओळीबद्दल, सात महिन्यांबद्दल, रात्री पाऊस आला की तिकडं काय होत असेल या काळजीबद्दल. काही नीट, काही तुटक, काही तिसऱ्याच गोष्टीतलं. आबा ऐकत राहिले. यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. रजेवर आलेल्या माणसाला कुणी हे सांगत नाही. शिवांजली ऐकत होती आणि तिला जमिनीकडंच बघावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगलीच्या बाईंना फोन केला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी विचारलं, “आबा घरातच राहिले असते तर ओळख टिकली असती का?”

“सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. “आजार पुढं जातोच.”

“पण काही महिने?”

“कदाचित. खरंच सांगता येत नाही गं.”

शिवांजलीला वाटत होतं, कुणीतरी ‘हो, तुझ्यामुळंच’ असं म्हणावं. म्हणजे एकदाचं काहीतरी ठरलं असतं. बाईंनी ते म्हटलं नाही. फ्रीजवरचा तक्ता तिनं काढला. तो फाडता येईना आणि ठेवताही येईना. घडी घालून तिनं तो पर्समध्ये टाकला. तो अजून तिथंच आहे.

पण त्या संक्रांतीच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. दिवेलागण झाली. चहा दोनदा झाला होता. जयराजनं मोटरखोलीतून अंथरूण आणायचं म्हणून चपला घातल्या. तेवढ्यात लीलाबाई चुळबुळल्या. अंगणातल्या उन्हाकडं बघितलं, ते गेलं होतं.

“पावणं, राग मानू नगा,” त्या म्हणाल्या. “मालक घरात नसताना ठिवून घ्याय येत न्हाई. लोकं नावं ठिवत्यात. उजेड हाय तवर निघा.”

आबा उठले.

“बराबर हाय,” म्हणाले.

“ती आली की सांगते, तुमी येऊन गेला म्हणून. नाव काय सांगू?”

आबांनी टोपी डोक्यावर ठेवली. “दोस्त आला हुता म्हणा. पलटणीतला.”

ते ओटा उतरले. शिवांजली त्यांच्या मागोमाग अंगणाच्या कडेपर्यंत गेली. बांधावर ऊस दोन्हीकडून आत झुकला होता. आबा थांबले, वळले आणि पाठ सरळ करून तिच्यासमोर उभे राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. टोमणाही नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

“शिवे,” ते म्हणाले, “उद्या कितीला येऊ?”